व्याह्यासाठी खाली गेलेली बाई

चहा ती उभ्यानं प्यायची. बशीत ओतून, फुंकर न मारता. पेन्सिल कानावर असायची आणि तिला शोधत हात टेबलभर फिरायचे. दिवा परत घेताना ती आधी माणसाच्या तोंडाकडे बघायची, मग दिव्याकडे. कुणी "जातो" म्हणालं तर त्याला खिडकीशी परत बोलवून "येतो" म्हणायला लावायची. जिना उतरताना पायऱ्या मोजायची नाही, चढताना मोजायची. घराचं कुलूप तीनदा ओढून बघायची आणि चौथ्यांदा ओढायला अर्ध्या रस्त्यातून परत जायची. नावानं हाक मारली तर चटकन ओ द्यायची नाही. एकतीस वर्षं सगळे तिला बिल्लेबाई म्हणत होते.

खाणीच्या तोंडाशी दिवाघर होतं. लांबट खोली, पत्र्याचं छप्पर, एकच खिडकी. डाव्या भिंतीवर दिव्यांची मांडणी, उजव्या भिंतीवर फळा. दोन्हीकडे एकशेबारा नंबर. खाली जाणारा माणूस खिडकीशी येऊन आपला दिवा आणि आपला पितळी बिल्ला घ्यायचा. वर आला की दोन्ही परत करायचा. फळ्यावरचा खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली. खिळ्याला बिल्ला म्हणजे माणूस वर. खाणीत काही झालं की सगळे आधी फळ्याकडे धावायचे. साहेब म्हणायचे, "फळा खोटं बोलत नाही."

"फळा काय बोलणार?" बिल्लेबाई मागून पुटपुटायची. "बोलते मी."

ती स्वतः कधी खाली गेली नव्हती. बायकांना खाली जायची परवानगी नव्हती. पण तिच्या टेबलासमोर खाणीचा नकाशा होता, आणि एकतीस वर्षं समोर असलेली गोष्ट पाठ होतेच. कुठला बोगदा कुठे वळतो, हवेची दारं किती, पंपघर कुठल्या उतारावर, हे ती डोळे मिटून सांगायची.

वस्तीच्या वाचनालयात एक मुलगी नव्यानं नोकरीला लागली होती. साहित्यात एम.ए. झालेली. पाताळात उतरणाऱ्या बायकांवर प्रबंध लिहीत होती. देशोदेशींच्या जुन्या गोष्टी तिनं जमवल्या होत्या. दुपारी ती डबा घेऊन दिवाघरात यायची, कारण चार्ज होणाऱ्या दिव्यांमुळे तिथं ऊब असायची. खाताना गोष्टी सांगायची. बिल्लेबाई ऐकायची आणि चुका काढायची.

"मावशी, ती बाई खाली जाते ना, तेव्हा दारोदारी पहारेकरी असतात. प्रत्येक जण तिच्याकडून काहीतरी काढून घेतो. दागिना, शेला, पायातलं."

"झडती," बिल्लेबाई म्हणाली.

"काय?"

"झडती झाली तिची. बरोबरच आहे. काडेपेटी घेऊन कुणी खाली सोडेल का?"

मुलगी हसली आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं.

"आणि ज्याला आणायला गेलो त्याला घेऊन येताना मागे वळून बघायचं नाही."

"हे कुणी ठरवलं?"

"पाताळाच्या राजानं."

"त्यानं कधी कुणाला वर आणलंय? मागे बघितल्याशिवाय मागचा येतोय की बसलाय, ते कसं कळणार?"

"खाली काही खायचंही नसतं."

"ते खरं आहे. उंदीर फार."

मग बिल्लेबाईनं विचारलं, "पण जातात कुणासाठी?"

"नवऱ्यासाठी. मुलीसाठी. बहिणीसाठी."

"व्याह्यासाठी?"

"व्याह्यासाठी कुणीच गेलेली नाही."

"शहाण्या आहेत," असं म्हणून बिल्लेबाईनं चहा संपवला.

त्या बोलण्याला कारण होतं. अठ्ठ्याऐंशी नंबरचा पंपवाला तिचा व्याही होता. तिची एकुलती एक लेक त्याच्या घरी दिली होती. दोन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा तिच्याकडे आला आणि चहाचा घोट घेऊन म्हणाला, "आमच्या खाणीच्या पाण्यासारखा आहे." ती म्हणाली, "सवयीचं पाणी बरोबर ओळखलंत." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. रोज सकाळी तो खिडकीशी यायचा. ती न बोलता दिवा पुढे करायची, तो न बोलता घ्यायचा. "येतो" म्हणायची सक्ती फक्त त्याला नव्हती. नात दहा महिन्यांची होती आणि आजोबांच्या खांद्यावर टाकल्याशिवाय झोपत नव्हती, हे तिला लेकीकडून कळायचं.

खाणीत एक चोरटी रीत होती. तिला बिल्ला फिरवणं म्हणत. कुणाला लागोपाठ दोन पाळ्या करायच्या असल्या, तर पहिल्या पाळीच्या हजेरीसाठी बिल्ला वर दाखवावा लागायचा. त्यासाठी वर-खाली करायचा कंटाळा. मग तो वर जाणाऱ्या दोस्ताच्या हाती बिल्ला पाठवायचा आणि स्वतः खालीच राहायचा. नियमात हे बसत नव्हतं. सगळे करायचे. बिल्लेबाईनं त्यावर आपला तोडगा काढला होता. फळ्याच्या कडेला तिनं एक वेगळा खिळा ठोकला होता. बिल्ला वर आला पण माणूस आला नाही, तर तो बिल्ला त्या खिळ्याला. त्याला ती उसना खिळा म्हणायची. एकतीस वर्षांत तिथं चूक झाली नव्हती.

त्या मंगळवारी दोनच्या सुमाराला पहिली पाळी वर येत होती. मुलगी नवीन गोष्ट सांगत होती. त्या गोष्टीतल्या पाताळात इतकी थंडी असते, की दारापाशी पोचेपर्यंत बाई ज्याच्यासाठी आली त्याचं नावच विसरते. दारवान विचारतो, कोण हवाय? तिला सांगता येत नाही.

"मग नंबर सांगायचा," बिल्लेबाई म्हणाली.

मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. बिल्लेबाईलाही हसू आवरेना. त्याच वेळी खाली गाड्यांत माल भरणारा भरावाला खिडकीशी आला. त्यानं एक दिवा आणि दोन बिल्ले पुढे केले. "हा माझा, आणि हा तुमच्या व्याहीबुवांचा. डबल करतायत." बिल्लेबाईनं हसता हसता डोळे पुसले, दोन्ही बिल्ले घेतले आणि लावले. भरावाल्याचा भरावाल्याच्या खिळ्याला. अठ्ठ्याऐंशीचा अठ्ठ्याऐंशीच्या.

तीन वाजून दहा मिनिटांनी भोंगा झाला. जुन्या बोगद्यात साठलेलं पाणी भिंत फोडून तळाच्या मजल्यावर आलं होतं. दुसऱ्या पाळीची माणसं पिंजऱ्यातून वर यायला लागली. चिखलानं भरलेली, कुणी अनवाणी. बिल्लेबाई तोंडं बघत होती, दिवे घेत होती, बिल्ले लावत होती. साडेतीनला साहेब धापा टाकत आले.

"बाई, फळा?"

तिनं वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. एकही खिळा रिकामा नव्हता. उसन्या खिळ्यावर काही नव्हतं.

"भरला."

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. तळाच्या मजल्यावर पाण्यासाठी लोखंडी दार होतं. ते बंद केलं की पाणी आत अडायचं आणि बाकीची खाण वाचायची. मुकादम त्या दारापाशीच थांबला होता. साहेबांनी फोनवरून त्याला हुकूम दिला. चार वाजता दार लाव. पाणी उंबऱ्याला लागलं तर त्याआधी.

बिल्लेबाई ओले दिवे जागेवर ठेवू लागली. सत्त्याऐंशी. एकोणनव्वद.

मधली जागा रिकामी होती.

तिला दुपारी खिडकीतून आत आलेला भरावाल्याचा हात आठवला. दोन बिल्ले. एक दिवा.

तिनं पंपघराचा फोन लावला. घंटा गेलीच नाही. ती साहेबांकडे धावली.

"अठ्ठ्याऐंशी खाली आहे."

"बाई, पाच मिनिटांपूर्वी तुम्हीच भरला म्हणालात."

"चूक झाली माझी."

"तेव्हा झाली की आत्ता होतेय?" साहेब ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "दिवा घरी नेला असेल. मागच्या महिन्यात दोघांनी नेलेच होते ना? मी त्यांच्या घरी माणूस पाठवतो. बचावपथक वाटेवर आहे. पाऊण तास लागेल."

"आणि दार?"

साहेब माणूस पाठवायला वळले. दाराचा हुकूम तसाच राहिला. दिव्याच्या एका रिकाम्या जागेच्या भरवशावर ते पाण्यात माणसं उतरवणार नव्हते. त्यांचंही चुकत नव्हतं. त्यांच्याजवळ फक्त फळा होता, आणि तो तिनंच भरला होता.

ती दिवाघरात परतली. कोपऱ्यातले मोठ्या मापाचे रबरी बूट तिनं चढवले, एक जादा दिवा घेतला. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. तिलाही दोन बिल्ले आठवले होते.

"मावशी, मी हसवलं तुम्हाला."

"फळ्यापाशी उभी राहा. कुणाला हात लावू देऊ नकोस."

"मी पण येते."

"तू कुठे येतेस? तुला नकाशा येतो का?"

बिल्लेबाई दारापर्यंत गेली, तेव्हा मुलगी म्हणाली, "येते म्हणा."

"येते," बिल्लेबाई म्हणाली आणि गेली.

पिंजऱ्यापाशी झडतीवाला बसला होता. वीस वर्षं तिथंच बसायचा. तिला बघून तो उभाच राहिला.

"बाई, तुमची झडती मी कशी घेऊ? बायकांना बाई लागते. आणि बायका खाली जातच नाहीत, म्हणून बाई नेमलेली नाही."

"मग माझी मीच घेते."

तिनं मोबाइल त्याच्या टेबलावर ठेवला. नायलॉनचा स्वेटर काढला. केसातला लोखंडी चाप काढला. झडतीवाला इकडे तिकडे बघत राहिला आणि शेवटी त्यानं पाठ फिरवली. "मी काही बघितलं नाही," तो भिंतीला म्हणाला. तिनं पिंजऱ्याचं दार ओढलं आणि दोरी तीनदा खेचली. तीन घंटा म्हणजे पिंजऱ्यात माणूस आहे. वर चक्री चालवणाऱ्याला फक्त घंटा ऐकू येते, बाई की बुवा हे कळत नाही.

पिंजरा सुटला. चार वाजायला बारा मिनिटं होती.

खाली नकाशा होता तसाच होता. फक्त नकाशाला वास नसतो आणि आवाज नसतो. पिंजऱ्यातून डावीकडे, तिसरं वळण. मग हवेचं पहिलं दार. ते मागे बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हे तिला माहीत होतं. ते इतकं जड असेल, हे माहीत नव्हतं. तिनं पाठ लावून ते ढकललं. दुसऱ्याला खांदा लावला. पलीकडे मुकादम लोखंडी दाराच्या चाकाला धरून उभा होता. उंबऱ्यापासून हातभर खाली पाणी वळवळत होतं.

"बाई? तुम्ही?"

"अठ्ठ्याऐंशी आत आहे."

"पण फळा..."

"फळा मी चुकून भरला."

मुकादमानं घड्याळ बघितलं. "हे चाक सोडून मला हलता येत नाही. सात मिनिटं. मी तीन शिट्ट्या देईन. तिसऱ्या शिटीला लावणार. पाणी पुढे गेलं तर सगळी खाण जाईल. तुमच्यासाठीसुद्धा थांबणार नाही, सांगून ठेवतो."

"थांबू नका."

दारापलीकडे उतार होता. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. थंडीनं दात वाजू लागले. ती हाका मारू लागली, "अठ्ठ्याऐंशी! ओ अठ्ठ्याऐंशी!" व्याह्याला नावानं कसं बोलवायचं? भिंतींनी नंबर परत पाठवला. मग तिच्या तोंडून निघालं, "व्याहीबुवा!"

"कोण?" आवाज जवळूनच आला.

"मी."

"मी कोण?"

"चहावाली."

मग अगदी हळू, "विहीणबाई?"

तो बंद पडलेल्या पंपाच्या चौथऱ्याला धरून छातीपर्यंत पाण्यात उभा होता. त्याचा दिवा मंद झाला होता. वरचा पाइप सुटून पडला होता आणि उजवा पाय त्याखाली बुटासकट अडकला होता. ओढून ओढून घोटा मोडला होता.

"हाका का नाही मारल्या?"

"कुणाला मारायच्या? बिल्ला वर गेलेला. पहिल्या भोंग्यालाच कळलं, वर फळा भरणार. माझ्यासाठी कोण येतंय आता?"

"उसन्या खिळ्याला लावायचा होता. मी तुमच्याच खिळ्याला लावला. हसत होते मी."

त्यानं पाइपला हात घातला. मग म्हणाला, "मग निस्तरा."

पाइप हलेना. दोघांनी जोर लावला तरी हलेना. मग पाय बुटातूनच काढायचा. तिनं पाण्यात हात घातला. नाडीची गाठ फुगून दगड झाली होती. कापायला काही नव्हतं. बोटं बधिर झाली होती. तिनं दिवा त्याच्या हाती दिला, श्वास घेतला आणि डोकं पाण्याखाली घातलं. दातांनी गाठ पकडली. सुटेना. वर आली, खोकली, तोंडातला चिखल थुंकली.

पहिली शिटी झाली.

ती परत खाली गेली. गाठ दातात आली आणि निसटली. नाकातोंडात पाणी गेलं. ती वर येऊन नुसतीच धापा टाकत राहिली.

"जा तुम्ही," तो म्हणाला. "पोरीला सांगा, आजोबा..."

"तुमचं तुम्ही सांगा. मी निरोप्या नाही."

दुसरी शिटी झाली.

तिसऱ्यांदा ती इतका वेळ खाली राहिली, की त्यानं तिचे केस धरून तिला वर खेचलं. तिच्या तोंडात नाडीचा तुकडा होता. तिनं दोन्ही हातांनी बूट धरला, त्यानं पाय ओढला आणि असा ओरडला, की दारापाशी मुकादमालाही ऐकू गेलं. पाय सुटला.

ती पुढे, तो मागे, तिच्या खांद्यावर हात टाकून. चार पावलं गेली की ती वळून बघायची.

"मागे काय बघताय? पुढे बघा, पडाल!"

"बघणार."

"खांद्यावर हात आहे ना माझा?"

"हाताचं काय सांगावं?"

उतार आता चढ झाला होता. पाणी मांडीशी होतं आणि मागून ढकलत होतं. तिसरी शिटी झाली. पाठोपाठ चाकाचा करकर आवाज. समोर दाराची फट दिसत होती आणि अरुंद होत चालली होती. हाक मारायला तिच्यात दम नव्हता. तिनं त्याच्या हातातला दिवा घेतला आणि वर धरून जोरजोरात हलवला.

करकर थांबली.

तो आडवा होऊन फटीतून गेला. मागून ती गेली. तिचा खांदा सोलवटला. मग मुकादमानं अंगातली सगळी ताकद लावून दार लावलं. तिसरी शिटी त्यानं चार वाजून सहा मिनिटांनी दिली होती. आपलं घड्याळ मागे होतं, असं त्यानं नंतर लिहून दिलं.

वर मुलगी फळ्यासमोर जशीच्या तशी उभी होती. साहेब आले तरी तिनं त्यांना फळ्याला हात लावू दिला नव्हता. व्याह्याला स्ट्रेचरवरून नेत होते. बिल्लेबाईनं स्ट्रेचर दिवाघराशी थांबवलं. अठ्ठ्याऐंशीचा बिल्ला खिळ्यावरून काढला आणि त्याच्या हातात दिला.

"लावा. तुमच्या हातानं."

त्यानं पडल्या पडल्या हात लांब करून लावला. मग म्हणाला, "चहा मिळेल का?"

"घरी जाऊन सुनेकडे मागा," ती म्हणाली. दोन वर्षांनंतरचं वरचं बोलणं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. भरावाल्यानं आपणहून सांगितलं, बिल्ला कुणाचा ते मी नीट बोललो नसेन. साहेबांनाही ते सोयीचं होतं. बिल्लेबाईनं दोन ओळींचा जबाब लिहिला. तो नीट बोलला. मी चुकीच्या खिळ्याला लावला.

निकाल लागेपर्यंत तिला कामावर राहू दिलं. तिसऱ्या दिवशी तिनं कारखान्यातून ड्रिल मागवलं, बारीक साखळीचं भेंडोळं आणि पक्कड आणली. बिल्ला फिरवू नका हे एकतीस वर्षं सांगून झालं होतं. आता सांगणं बंद. प्रत्येक बिल्ल्याला भोक पाडायचं, त्यातून वीतभर साखळी ओवायची आणि तिचं दुसरं टोक त्याच नंबरच्या दिव्याच्या पट्ट्यात कायमचं आवळायचं. बिल्ला एकटा वर येणारच नाही. दिव्याबरोबर येईल आणि दिवा माणसाबरोबर.

"मग फळा?" मुलीनं विचारलं.

"फळा जाऊ दे. दिवा जागेवर, तर माणूस जागेवर."

बिल्लेबाई खोकत होती. मुलगी एकेक दिवा हातात देत होती.

"वही कुठे आहे तुझी?"

"नाही आणली."

"का?"

"मी ती गोष्ट सांगत नसते तर..."

"खिळा माझा होता," बिल्लेबाई पक्कड दाबत म्हणाली. "त्यातला वाटा मी कुणाला देणार नाही. वही आण. व्याह्यासाठी एक गेली म्हणून लिही. आणि मागे बघायचं असतं, तेही लिही. पुस्तकात चुकलंय."

दिवसाला दहा-बारा व्हायचे. खिडकीवरचं काम सांभाळून. सातव्या दिवशी तिनं स्वेटरवर स्वेटर घातला होता आणि तरी हात कापत होते. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणायची, एवढी रांग होऊ दे. आठव्या दिवशी दुपारी तिला खुर्चीतून उठता येईना. दवाखान्यात नेलं. घाण पाणी छातीत गेलं होतं, डॉक्टर म्हणाले. आधी यायला हवं होतं. व्याही कुबड्या घेऊन बाहेरच्या बाकावर बसला. नात त्याच्या खांद्यावर झोपली होती. लेक आत होती. अकराव्या दिवशी सकाळी सव्वासातला बिल्लेबाई गेली.

दिवाघरात तिच्या टेबलावरचं कुणी काही हलवलेलं नाही. एक ते चौसष्ट नंबरच्या दिव्यांना साखळी आहे. पासष्टच्या बिल्ल्याला भोक पाडलंय, साखळी ओवली आहे, पण दिव्याकडचं टोक मोकळं आहे. पक्कड तिथंच पडली आहे. सहासष्टपासून पुढचे बिल्ले सुटे आहेत.